लाटव्हियन आणि जर्मन: किती जवळ, किती लांब?

नीलमोहर

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही गेल्या वर्षी लाटव्हियाच्या राजधानीत, रिगाला आलो. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात माझं जर्मन बी२ पातळीपर्यंत झालंय, त्यामुळे इथल्या पाट्या वाचताना सारखं काहीतरी ओळखीचं भेटतं. शाळा म्हणजे स्कोला, चष्मा ब्रिलेस, बटाटा कार्तुपेलिस, डॉक्टर आर्स्ट्स. सेंट्रल मार्केटमध्ये भाजीवालीने भोपळ्यावर 'क्यिर्बिस' लिहिलेलं होतं, जर्मनमध्ये तो 'क्युर्बिस'.

पण तीच भाजीवाली बोलायला लागली की मला एक अक्षर कळत नाही.

नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण म्हणतात, आमची निम्मी भाषा जर्मनच आहे. शेजारच्या आजी म्हणतात, जर्मनशी आमचा काडीचा संबंध नाही. दोघंही इथलेच, दोघांचीही मातृभाषा लाटव्हियन! यातलं खरं कोणाचं? आणि माझा कामाचा प्रश्न असा की लाटव्हियन शिकताना जर्मनचा आधार घ्यावा, की पाटी कोरी करून बसावं?

सातारी_तर्री

बटाटा, भोपळा आणि डॉक्टर एवढे शब्द आले म्हणजे निम्मा संसार झाला की ताई. वाचतोय.

शब्दवेल्हाळ

सुंदर विषय. तुमच्या आजी भाषेच्या कुळाबद्दल बोलताहेत आणि ऑफिसातले गृहस्थ शब्दांबद्दल, म्हणून दोघांचं म्हणणं वेगळं वाटतं.

कूळ बघितलं तर जर्मन ही जर्मानिक शाखेची, इंग्रजी-डच-स्वीडिशच्या घरातली. लाटव्हियन बाल्टिक शाखेची. त्या शाखेत आज लाटव्हियन आणि लिथुआनियन एवढ्याच उरल्या आहेत. तिसरी, जुनी प्रशियन, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. दोन्ही शाखा इंडो-युरोपीय आहेत, म्हणजे नातं चुलत बहिणींचं आणि तेही लांबचं.

आता इतिहास बघा. १२०१ मध्ये ब्रेमेनहून आलेल्या बिशप आल्बर्टने रिगा वसवलं. १२८२ मध्ये शहर हान्सा या व्यापारी संघात आलं. पुढे पोलिश आले, स्वीडिश आले, १७१० मध्ये रशियन आले, पण जमीन, बाजार, न्यायालय आणि चर्च ही जर्मन बोलणाऱ्यांच्याच हातात राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियाने स्वतःची भाषा लादायला सुरुवात केली, तोवर हे असंच चाललं. १८६२ मध्ये रिगात पॉलिटेक्निक निघालं तेही जर्मन माध्यमाचं. रसायनशास्त्राचा नोबेल मिळवणारा विल्हेल्म ओस्टवाल्ड रिगातच जन्मला आणि याच पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होता.

म्हणून जर्मनकडून आलेले शब्द कुठल्या खात्यातले आहेत ते पाहा. दगडी भिंत मूरिस, स्क्रू म्हणजे स्क्रूवे, हिशेबाचं बिल रेकिन्स, कसब किंवा पेशा अमत्स, तास स्तुन्डा. गवंडी, सुतार, दुकानदार, कचेरी. पण पाणी ऊदेन्स, हृदय सिर्द्स, रात्र नक्त्स, आई माते, सूर्य सऊले. हे कोणाकडून घेतलेले नाहीत, घरचे आहेत. भाजीवाली बोलते तेव्हा वाक्याचा सांगाडा या घरच्या शब्दांचा असतो, म्हणून तुम्हाला कळत नाही.

चौकस_नाना

थांबा थांबा. ऊदेन्स म्हणजे आपलं उदक, नक्त्स म्हणजे नक्त! व्हॉट्सअॅपवर फिरत होतंच की लाटव्हियन आणि लिथुआनियन थेट संस्कृतातून निघाल्या. अग्नीला उगुन्स, देवाला दिएव्स, मधाला मेदुस, धुराला दूमि. मग ती जर्मनची चुलत बहीण कशाला, आपलीच लेक म्हणा.

शब्दवेल्हाळ

नाना, तुम्ही दिलेली प्रत्येक जोडी खरी आहे. पण लेक म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा आकड्यांतच सापडतो. संस्कृत सप्त आणि दश, लाटव्हियन सेप्तिनि आणि देस्मित. मूळ भाषेत तिथे 'ए' होता (लॅटिन सेप्टेम, डेकेम बघा), संस्कृतात त्याचा 'अ' झाला. लाटव्हियनने तो 'ए' आजपर्यंत राखलाय. संस्कृतात जो स्वर उरलाच नव्हता तो तिच्यातून निघालेल्या भाषेत परत कुठून येणार? म्हणजे दोघींचं मूळ एक आणि वाटा वेगळ्या.

मात्र तुमचा कान ज्याला दाद देतोय ती गोष्ट आहेच. मूळ 'क' आपल्याकडे 'श' झाला, लाटव्हियनमध्ये 'स'. जर्मानिकमध्ये तो 'ह'. म्हणून शंभराला संस्कृत शत, लाटव्हियन सिम्त्स आणि जर्मन हुंडर्ट. या बाबतीत लाटव्हियन जर्मनपेक्षा आपल्या बाजूला बसते.

एल्बेकाठची

हॅम्बुर्गहून लिहिते आहे, बरीच वर्षं इथे आहे. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. लाटव्हियनमध्ये गेलेलं जर्मन म्हणजे नीलमोहर शिकली ते जर्मन नव्हे. हान्साचे व्यापारी ल्युबेक, हॅम्बुर्ग, ब्रेमेनकडचे. त्यांची बोली उत्तरेकडची, सखल प्रदेशातली. तिला इथे प्लाट म्हणतात. आमच्या शेजारचे आजोबा अजून पँटला 'ब्युक्स' म्हणतात, आणि लाटव्हियन पँट आहे 'बिक्सेस'. प्रमाण जर्मनमध्ये ती 'होजे'. देखण्या माणसाला प्लाटमध्ये 'स्मुक', लाटव्हियनमध्ये 'स्मुक्स'. न्याहारीला लाटव्हियन 'ब्रोकास्तिस' म्हणतात, तो जुन्या सखल जर्मनमधल्या 'व्रोकोस्ट'चा वंशज. पुस्तकी 'फ्र्युश्ट्युक' डोक्यात ठेवून बसलीस तर तो ओळखूच येणार नाही.

म्हणून नीलमोहर, तुला दिसतात त्याहून जास्त जर्मन शब्द तुझ्या आजूबाजूला आहेत. फक्त त्यांचा चेहरा मॅक्स म्युलर भवनातला नाही.

सातारी_तर्री

'फ्र्युश्ट्युक' म्हणेपर्यंत न्याहारी थंड होईल. ब्रोकास्तिस बरं वाटतंय.

दौगावाकाठी

मी रिगात मेडिकलला आहे. आमच्याकडे जर्मन मुलं पुष्कळ येतात, कारण त्यांच्या देशात प्रवेश मिळणं फार अवघड आहे. शिक्षण इंग्रजीतून, पण वॉर्डात गेल्यावर पेशंटशी लाटव्हियन बोलावं लागतं, म्हणून भाषा सगळ्यांनाच शिकवतात. त्यामुळे जर्मन माणूस लाटव्हियन शिकताना कसा अडखळतो हे मी रोज बघतो.

पहिल्या काही आठवड्यांत ते पुढे असतात, शब्द त्यांना ओळखू येतात. नंतर विभक्ती सुरू होते. जर्मनमध्ये चार विभक्ती आणि त्यांचा बराचसा भार डेर-डी-दास या उपपदांवर. लाटव्हियनला उपपदच नाही. परंपरेने सात विभक्ती मोजतात आणि सगळा खेळ शब्दाच्या शेवटाचा. 'रीग' हे शहराचं नाव, शेवटचा स्वर लांबवून 'रीगा' केलं की झालं 'रिगात'. जर्मन मुलगा आधी 'इन'साठी शब्द शोधत बसतो. आपल्याला घर-घरात-घराला-घरा हे अंगवळणी आहे, संबोधनसुद्धा! यानिस नावाच्या माणसाला हाक मारताना 'यानि' म्हणायचं हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

खरी मजा वाक्यात आहे. 'मला एक भाऊ आहे' याला लाटव्हियन 'मन इर ब्रालिस'. मन म्हणजे मला, इर म्हणजे आहे. जर्मन म्हणणार 'इष हाबे', मी बाळगतो. 'मला आवडतं' म्हणजे 'मन पतीक'. 'मला जायचंय, जावं लागेल' म्हणजे 'मन याइएत', इथे क्रियापदाला पुढून 'या' लावला की सक्ती आली, आणि ज्याला जायचंय तो आपल्यासारखाच चतुर्थीत. जर्मन मुलं म्हणतात 'इष मुस', मी आणि माझं क्रियापद. त्यांना हे 'मला' पचायला वेळ लागतो.

आणि एक प्रकार तर मी वर्गात ऐकला तेव्हा बाकावरून उठायचा बाकी होतो. 'तो आजारी आहे' याला 'विन्श इर स्लिम्स'. पण ही गोष्ट मी स्वतः पाहिली नाही, कोणाकडून ऐकली, तर 'विन्श एसुओत स्लिम्स'. म्हणजे आपलं 'तो आजारी आहे म्हणे'. ऐकीव बातमीसाठी क्रियापदाचं रूपच वेगळं. पेशंटची हिस्टरी सांगताना हे फार उपयोगी पडतं: ताप कालपासून आहे म्हणे, गोळी घेतली म्हणे.

एल्बेकाठची

वा, काय नेमकं लिहिलंस! पण इथे जर्मनवर थोडा अन्याय झाला. जर्मनमध्येही ऐकीव गोष्टीला वेगळं रूप आहे: 'एर झाय क्रांक'. वर्तमानपत्रात मंत्र्याचं विधान देताना हेच वापरतात, म्हणजे पत्रकार त्याची हमी घेत नाही. बोलण्यात आता कमी ऐकू येतं एवढंच. 'मला आवडतं'लाही 'मिर गेफेल्ट' आहेच की, तोही चतुर्थीत. आणि तुझ्या वाक्यातला 'स्लिम्स' हा शब्दसुद्धा सखल जर्मनकडून आलाय, जर्मन 'श्लिम' म्हणजे वाईट!

दौगावाकाठी

@एल्बेकाठची, झाय क्रांक मान्य, पण माझे वर्गमित्र ते लेखी परीक्षेपुरतं ठेवतात. इथे मात्र आजीबाई बसस्टॉपवर सर्रास 'एसुओत' म्हणतात.

कोकणकडा

चर्चा छान चाललीय, पण मला एका गोष्टीवर बोलायचंच आहे. 'शब्द आले', 'शब्द घेतले' असं आपण इतक्या सहज लिहितोय की जणू शेजारणीकडून वाटीभर साखर आणली. सातशे वर्षं जर्मन जमीनदार मालक आणि लाटव्हियन कुळं. मध्ययुगीन कागदपत्रांत इथल्या लोकांना नाव काय होतं? 'उन्डॉइच', म्हणजे जर्मन नसलेले. स्वतःचं नावसुद्धा नाही, मालक जे आहे ते तुम्ही नाही एवढीच ओळख. भूदासपद सुटलं ते इथल्या कुर्लांड प्रांतात १८१७ ला आणि लिव्हलांड प्रांतात १८१९ ला, तेही जमीन न देता. वर चढायचं तर जर्मन व्हायचं. जर्मन बोलून साहेबी मिरवणाऱ्याला लाटव्हियन लोक 'कार्क्लुवात्सिएतिस' म्हणायचे, झुडपातला जर्मन. नीलमोहर यांच्या शेजारच्या आजी काडीचा संबंध नाही म्हणतात तो व्याकरणाचा निर्वाळा नाही, त्यामागे हा सगळा काळ उभा आहे, आणि त्यांना तो हक्क आहे.

चौकस_नाना

कोकणकडा, मुद्दा रास्त. पण दुसरी बाजूही बघा. लाटव्हियनमधलं पहिलं संपूर्ण बायबल कोणी केलं? अलूक्स्नेचा जर्मन पाद्री एर्न्स्ट ग्ल्युक, सतराव्या शतकाच्या शेवटी. अठराव्या शतकात व्याकरण, कोश आणि शेतकऱ्यांसाठी ज्ञानविज्ञानाचं पुस्तक लिहिणारा गोटहार्ड श्टेंडर, तोही जर्मन पाद्री. जर्मन विचारवंत हेर्डर १७६४ ते १७६९ रिगाच्या कॅथेड्रल शाळेत शिकवत होता, त्याने लोकगीतांच्या संग्रहात लाटव्हियन गाणी घेतली. आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. साहेबाने केला म्हणून आपण तो टाकून दिला का? आजही अडलं की तोच उघडतो.

कोकणकडा

टाकून द्या असं मी म्हटलंच नाही, नाना. मोल्सवर्थ माझ्याही टेबलावर आहे. पण त्या पाद्र्यांनी भाषा लिहिली ती जर्मन कानाने ऐकून. जुनं लाटव्हियन गॉथिक टायपात, 'श'साठी जर्मन पद्धतीने तीन अक्षरं जोडून छापायचे. आजची लिपी, स्वरावर आडवी रेघ म्हणजे दीर्घ, ही १९०८ मध्ये ठरली आणि ठरवणारे होते म्युलेनबाख आणि एन्डझेलीन्स हे लाटव्हियन भाषाशास्त्रज्ञ. १८५६ मध्ये युरिस अलुनान्सने परदेशी कवितांची लाटव्हियन भाषांतरं छापली तीच मुळी ही भाषा कवितेला पुरते हे दाखवायला. भाषा कोणी नोंदवली याइतकंच ती कोणी आणि कशासाठी वापरली हेही मोजा.

शब्दवेल्हाळ

दोघांच्या मध्ये एक वस्तू ठेवतो. लाटव्हियनचा सगळ्यात मोठा शास्त्रीय कोश म्युलेनबाखने सुरू केला, तो गेल्यावर एन्डझेलीन्सने पुरा केला, १९२३ ते १९३२ मध्ये चार खंड. तोवर देश स्वतंत्र झालेला होता, १८ नोव्हेंबर १९१८ ला. तरी त्या कोशात शब्दांचे अर्थ जर्मनमध्ये दिलेत, कारण युरोपातले भाषाशास्त्रज्ञ जर्मन वाचत. मालकाची भाषा याच माणसांनी आपल्या भाषेसाठी कामाला लावली. मला हे फार मोलाचं वाटतं. ते खंड चाळताना खेड्यापाड्यांतल्या बोलींतले शब्द गावाच्या नावासकट भेटतात, तासन्‌तास जातात.

आणि कोकणकडा, फक्त जर्मनच नाही. 'बझ्नीत्सा' म्हणजे चर्च आणि 'ग्रामाता' म्हणजे पुस्तक हे पूर्वेकडून, स्लाव्ह शेजाऱ्यांकडून आलेत, जर्मन धर्मयोद्धे पोचायच्या आधी. 'माया' म्हणजे घर आणि 'पुइका' म्हणजे मुलगा हे फिनिक, म्हणजे फिनिश-एस्टोनियनच्या कुळाच्या, बाजूचे, लिव्ह लोकांच्या किनाऱ्याकडून. घर लिव्हांकडून, आठवडा स्लाव्हांकडून, तास जर्मनांकडून. तरी व्याकरण शाबूत.

मुळाक्षर

पहिल्यांदाच लिहितेय. आकड्यांवर कोणी बोललं नाही म्हणून. जर्मन एकवीसला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिष' म्हणतात, एक आणि वीस. आपण एकवीस. लाटव्हियन 'दिवदेस्मित विएन्स', वीस एक! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? मी तेव्हा दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. रिगातल्या मुलांना आकडा ऐकून लिहिताना उलटापालट करावी लागत नाही, जर्मन मुलांना लागते. हा प्रश्न फक्त आपला नाही हे तेव्हा कोणी पालकांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

चौकस_नाना

एकवीस ते एकवीसच. यावर मी वाटाघाटी करणार नाही.

सातारी_तर्री

नानांचं वय विचारू नका, ते सत्तर एक सांगणार नाहीत.

एल्बेकाठची

अवांतर: नावांचं काय, दौगावाकाठी? ऐकलंय तिकडे परदेशी नावालाही शेपूट लावतात.

दौगावाकाठी

लावतातच. पुरुषाच्या नावाला कर्त्याचा प्रत्यय लागतो, नाहीतर वाक्यात विभक्ती चालणार कशी? शेक्सपियर इथे 'शेक्स्पीर्स', गटे 'गेते'. त्याच नियमाने सचिन तेंडुलकर 'सचिन्स तेंदुल्कर्स'. स्पेलिंगही उच्चाराप्रमाणे बदलतात. यावरून जर्मनशी थेट खटका उडालेला आहे. एका लाटव्हियन बाईने जर्मन नवऱ्याचं आडनाव घेतलं, पासपोर्टवर ते लाटव्हियन वळणाने लिहिलं गेलं, प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत पोचलं. २००४ मध्ये न्यायालयाने लाटव्हियाची बाजू उचलून धरली: भाषेचं व्याकरण टिकवणं हा देशाचा रास्त हेतू आहे.

कोकणकडा

पंधराएक लाख लोकांची मातृभाषा, समोर नऊ-दहा कोटींची जर्मन आणि दुसऱ्या बाजूला रशियन. मी त्या न्यायालयाच्या जागी असतो तर हाच निकाल दिला असता.

मुळाक्षर

मला त्या बाईंचंही वाटतं हो. नवऱ्याचं आणि आपलं आडनाव कागदावर वेगळं दिसलं की प्रत्येक विमानतळावर खुलासा देत बसायचं.

नीलमोहर

सगळ्यांचे मनापासून आभार. केवढं दिलंत! शेजारच्या आजींना काल 'मन पतीक' म्हणून दाखवलं तर त्यांनी हात धरून घरात नेलं आणि कॉफी पाजली. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. क्लासला नाव घालायचंय, तिथे दोन तुकड्या आहेत: एक जर्मन माध्यमातून शिकवणारी, एक थेट लाटव्हियनमधून. कुठली घेऊ?

एल्बेकाठची

जर्मनवाली घे, मोकळेपणाने. शिकवणारी बाई उपसर्ग समजावताना 'आउसगेएन' म्हणजे 'इझिएत' असं जोडून देईल, दोन्ही भाषांत क्रियापदाच्या पुढे उपसर्ग लावून अर्थ वळवायची रीत सारखीच आहे. लाटव्हियनमध्ये तो उपसर्ग तुटून वाक्याच्या शेवटी पळत नाही, उलट सोपंच. 'का इएत?' आणि 'वी गेट एस?' दोन्ही 'कसं चाललंय?'च. एवढा तयार रस्ता सोडून कशाला द्यायचा?

दौगावाकाठी

माझं मत उलट. थेट लाटव्हियनवाली. जर्मनमधून शिकलात तर प्रत्येक वाक्याआधी डोक्यात 'इष हाबे' येणार आणि मग तुम्ही त्याचं 'मन इर' करणार. मराठीतून विचार केलात तर तो फेरा वाचतो. माझे जर्मन मित्र 'लिएल माया' आणि 'लिएला माया' यात अजून गोंधळतात, खरं तर त्यांनी गोंधळायला नको, कारण विशेषणाचा शेवट बदलणं त्यांच्याकडेही आहे. पण ते 'एक मोठं घर' की 'ते मोठं घर' यासाठी उपपद शोधत राहतात आणि इथे फरक फक्त विशेषणाच्या शेवटच्या स्वराच्या लांबीत असतो. ऱ्हस्व-दीर्घाकडे कान द्या ताई, फार कान द्या. 'काझस' म्हणजे लग्न आणि 'कझस' म्हणजे शेळ्या.

सातारी_तर्री

शेळीच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.

शब्दवेल्हाळ

मीही दौगावाकाठीच्या बाजूने. जर्मन शब्दसंग्रहासाठी ठेवा: स्वयंपाकघर, हत्यारं, कपडे, बिलं. वाक्यरचनेसाठी मराठी. आणि वाचायला सुरुवात दाइनांपासून करा. चार ओळींची लोकगीतं, बहुतेक बायकांनी रचलेली, आपल्या ओवीच्या अंगाची. त्यांत सूर्य बाई असते, सऊले. क्रिश्यानिस बारोन्सने दोन लाखांहून जास्त दाइना छापल्या. ज्या कपाटात तो त्यांच्या चिठ्ठ्या लावून ठेवायचा ते रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बघायला मिळतं. दाइनांत वाक्यं छोटी, शब्द घरचे, विभक्ती भरपूर, आणि आजींना त्यातल्या पाठही असतील.

नीलमोहर

थेट लाटव्हियनवाल्या तुकडीत नाव घातलं. ग्रंथालय दौगावा नदीच्या पलीकडच्या काठाला आहे, ट्रामने जाता येतं. शनिवारी आजींना घेऊन जाते. एल्बेकाठची, तुमच्या शेजारच्या आजोबांकडून प्लाटमधले स्वयंपाकघरातले शब्द मिळाले तर इथेच टाकाल का?

एल्बेकाठची

आत्ताच विचारून आले. स्वयंपाकघराला 'क्योक'. तुझ्या आजींना 'क्येक्यिस' माहीत आहे का ते विचार, बोलण्यात तो शब्द तिकडे आहे. बाकीचे आजोबा लिहून देतो म्हणालेत.